तारखेचे शहर आणि बिनतारखेच्या वस्तू : पुण्यातील संग्रहालये व स्थानिक प्रेक्षक

पुणे हे सांस्कृतिक शहर आहे, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. या विधानाच्या पुष्ट्यर्थ दिली जाणारी उदाहरणे मात्र लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सार्वजनिक स्वरूप पावलेला गणेशोत्सव, १९५३ पासून भरणारा सवाई गंधर्व महोत्सव, १९६३ पासूनची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा, ही सारी उदाहरणे ठरावीक तारखांना घडणाऱ्या गोष्टींची आहेत. राजा दिनकर केळकर संग्रहालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, डेक्कन कॉलेजमधील संग्रहालये, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय, घोले रस्त्यावरील महात्मा फुले वस्तुसंग्रहालय यांची नावे या यादीत आलीच तर शेवटी येतात आणि तीही बहुधा परगावच्या माणसाला माहिती देताना.

याचा अर्थ पुणेकर संग्रहालयांविषयी उदासीन आहे असा सरळ काढला जातो. तो अपुरा आहे. संग्रहालयाची इमारत कोठे आहे हे पुणेकराला ठाऊक असते, त्याविषयी अभिमानही असतो. त्याचे तेथे जाणे तेवढे घडत नाही. सर्वसाधारणपणे त्याच्या आयुष्यात हा प्रसंग दोनदा येतो. एकदा शाळेच्या सहलीत, रांगेत, हात मागे बांधून. आणि पुढे अनेक वर्षांनी, घरी पाहुणे आले म्हणून. पहिल्या वेळी त्याला शिस्तीने पुढे ढकलले जाते, दुसऱ्या वेळी तो पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. दोन्ही वेळा वस्तू पाहायची राहून जाते. शहरातील रहिवाशाने स्वतःच्या शहराचे संग्रहालय स्वतःसाठी पाहणे म्हणजे काय, हा प्रश्न म्हणूनच विचारात घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात त्याची चर्चा मुख्यतः केळकर संग्रहालयाच्या संदर्भात केली आहे, कारण तेथील वस्तूंचे स्वरूपच असे आहे की हा प्रश्न टाळता येत नाही.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ चष्म्याच्या व्यवसायात होते. लोकांची दृष्टी नीट करून देणाऱ्या माणसाने शहराला पाहण्याजोगे एवढे काही देऊन जावे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला आणि पुढील सहा-सात दशके ते जमवत राहिले. अकाली निवर्तलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक आहे. शुक्रवार पेठेतील इमारतीत प्रत्यक्ष मांडता येतात त्या अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे दर आठ-नऊ वस्तूंपैकी एक प्रेक्षकाला दिसते, बाकीच्या कोठीत राहतात. बावधन येथे विस्तारित संग्रहालय उभारण्याची योजना दीर्घकाळ चर्चेत राहिली आहे.

संख्येपेक्षाही लक्षणीय आहे ती केळकरांची निवड. त्यांच्या काळातील बहुतेक संग्राहक नाणी, ताम्रपट, शस्त्रे, लघुचित्रे आणि मूर्ती यांच्या शोधात असत. केळकरांनी यांतले काही वर्ज्य मानले नाही. पैठण शैलीची चित्रकथी चित्रे त्यांच्याकडे आहेत, वाद्यांचे मोठे दालन आहे, कोरीव दरवाजे आहेत. परंतु त्यांचे मन रमले ते घरात. दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातील भांडी, न्हाणीघरात टाच घासण्यासाठी वापरायच्या पितळी वज्री. एखाद्या अडकित्त्याला घोड्याचा आकार आहे, एखाद्यावर युगुल आहे, वज्रीच्या मुठीवर पक्षी बसला आहे. कारागिराने एवढे कष्ट ज्या वस्तूवर घेतले ती वस्तू देवघरातील नव्हती वा दरबारातीलही नव्हती. ती रोज हाताळली जाणारी, प्रसंगी फेकून दिली जाणारी होती. या संग्रहाला एका अर्थाने बायकांच्या हातांचा इतिहास म्हणता येईल, आणि तो लिहिण्याची बुद्धी इतिहासकारांना होण्याच्या पुष्कळ आधी एका हौशी संग्राहकाला झाली होती.

अशा वस्तूंपुढे स्थानिक प्रेक्षक आणि परदेशी प्रवासी यांची स्थिती सारखी असू शकत नाही. मूर्तीपुढे दोघेही अनभिज्ञ असतील. मार्गदर्शक पुस्तिकेची गरज दोघांनाही असेल. वज्रीपुढे तसे नाही. परदेशी प्रवाशाला ती पितळेची एक सुबक चीज आहे. सत्तरी ओलांडलेल्या पुणेकर स्त्रीला ती दिवाळीच्या पहाटेचे न्हाणीघर आहे, बंबातले कढत पाणी आहे, खडबडीत पितळेचा टाचेला झालेला स्पर्श आहे. संग्रहालयाजवळ जे ज्ञान नाही ते येथे प्रेक्षकाजवळ आहे. आणि नेमके हेच ज्ञान मांडणीत कोठेही जमेस धरलेले नाही. काचेमागील चिठ्ठीवर प्रामुख्याने वस्तूचे नाव, प्रदेश आणि काळ दिलेला असतो. ही माहिती चुकीची नसते, अनावश्यकही नसते. पण वस्तू कोणी धरली, कशी धरली, कोणत्या वेळी धरायची नाही, ती मोडली तर काय म्हणायचे, यांविषयी ती मौन पाळते.

शेवटचा मुद्दा भाषेच्या अध्यापकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. वस्तू गेली की तिच्याभोवतीचे शब्द एकदम जात नाहीत; ते काही काळ अर्थ सुटून लोंबकळत राहतात आणि मग गळतात. दिवा विझवला असे म्हणू नये, मालवला म्हणावे. बांगडी फुटली असे न म्हणता वाढवली म्हणावे, हा संकेत ज्या घरांत पाळला जाई त्या घरांतील दिव्यांपैकी काही आज दालनात आहेत. अडकित्त्याबरोबर चंची, पानपुडा, चुनाळे हे शब्द येतात. सुपारी फोडणे आणि सुपारी कातरणे यांतील फरक येतो. विडा कोणी कोणासमोर खायचा नाही याचे अख्खे शिष्टाचारशास्त्र येते. पदवीच्या वर्गात एकोणिसाव्या शतकातील कादंबरी शिकवताना हे शब्द तळटिपांत समजावून द्यावे लागतात. बाजीराव रस्त्यालगतच्या इमारतीत ती तळटीप पितळेची होऊन ठेवलेली आहे. परंतु महाविद्यालय आणि संग्रहालय यांच्यात सहलीच्या परवानगीपत्रापलीकडे देवघेव क्वचितच होते.

येथे पुण्याच्या उत्सवसंस्कृतीकडे पुन्हा वळणे आवश्यक ठरते. सवाई गंधर्व महोत्सव हा रामभाऊ कुंदगोळकरांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी सुरू केला. दीर्घकाळ तो रमणबागेच्या मैदानावर भरला. २०११ पासून भीमसेनांचे नाव त्याला जोडले गेले आणि २०१८ मध्ये तो मुकुंदनगरला गेला. या महोत्सवाचे गायक-वादकांसाठी असलेले महत्त्व सर्वज्ञात आहे. त्याने श्रोता घडवला, ही बाब मात्र तितकीशी अभ्यासली गेलेली नाही. भारतीय बैठकीवर बसलेला, डबा बरोबर आणलेला, शेजारच्या अपरिचिताला दहा वर्षांपूर्वीच्या मारव्याविषयी सांगणारा हा श्रोता संगीताचे शिक्षण घेतलेला असतोच असे नाही. तो दरवर्षी येतो. त्याच्या कानात मागील वर्षांची पुंजी असते आणि तिच्याशी ताडून तो आजचे गाणे ऐकतो. त्याच्या दादेला किंमत असते ती यामुळे. कलावंतालाही ती ठाऊक असते. या श्रोत्यात दिखाऊपणा, गतकाळाचा वृथा अभिमान आणि क्वचित नव्याविषयी तुच्छता असते हे खरे, परंतु तो केवळ उपभोक्ता नव्हे. मैफलीच्या अर्थात त्याचा वाटा असतो.

संग्रहालयाच्या संदर्भात याच्याशी जुळणारी भूमिका पुण्याने निर्माण केली नाही. गाण्याला 'रसिक श्रोता' आहे, नाटकाला 'चोखंदळ प्रेक्षक' आहे. संग्रहालयाला मात्र 'पर्यटक' आहे किंवा 'विद्यार्थी' आहे. तिकीटखिडकीवरील वर्गवारी पाहिली तरी हे लक्षात येते. प्रौढ, बालक, परदेशी नागरिक असे वर्ग सर्वत्र आढळतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या रहिवाशाची तेथे कल्पनाच केलेली नसते. ज्या दालनात वर्षानुवर्षे तोच दिवा त्याच कोनाड्यात आहे तेथे दुसऱ्यांदा येण्याचे कारण कोणते, असा प्रतिप्रश्न विचारला जाईल. तो वाजवी आहे. गाणे दरवेळी नवे असते, दिवा तोच असतो. परंतु कोठीतील वस्तू आळीपाळीने बाहेर येऊ लागल्या तर हाच आक्षेप पुष्कळसा निष्प्रभ होईल, आणि दुसरे असे की त्याच वस्तूकडे पाहणारा माणूस वीस वर्षांनी तोच राहिलेला नसतो. शाळकरी मुलाला अडकित्त्यातला घोडा दिसतो. साठीतल्या माणसाला त्याची धार दिसते आणि दात गेल्यावर सुपारी बारीक कातरून देणारी कोणी व्यक्ती आठवते.

उत्सवाचे हे सामर्थ्य पाहून संग्रहालयांनीही उत्सव करावेत, असा उपाय अलीकडे सर्वत्र सुचवला जातो. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन, नोव्हेंबरातील जागतिक वारसा सप्ताह यांना अनुसरून व्याख्याने, प्रदर्शने, वारसा-फेऱ्या आयोजित होतात. त्यांना गर्दीही होते. (मे महिन्यात शाळा-महाविद्यालये बंद असतात आणि सहली येतात त्या हिवाळ्यात, पण दिनदर्शिका आंतरराष्ट्रीय असली की स्थानिक सुट्ट्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचे असते.) या उपक्रमांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यांतून वस्तूकडे पाहण्याची सवय लागते की तारखेला हजर राहण्याची जुनीच सवय आणखी एका ठिकाणी पोहोचते, हे तपासले पाहिजे. पेठांतील वारसा-फेऱ्यांची कथनशैली पाहता दुसरी शक्यता अधिक वाटते. तेथे वाडा हा निमित्तमात्र असतो. सांगितली जाते ती पेशवाईतील प्रेमाची, कारस्थानाची, खुनाची गोष्ट. केळकर संग्रहालयातही कोथरूडहून आणून उभारलेल्या मस्तानी महालापाशी प्रेक्षक रेंगाळतो आणि दिव्यांच्या दालनातून चालता चालता पुढे जातो. गोष्ट माहीत आहे तेथे थांबायचे आणि गोष्ट माहीत नाही तेथे थांबायचे नाही, हा पाहण्याच्या नेमका उलट असलेला व्यवहार आहे. दिव्याला गोष्ट नाही असे नव्हे. ती पेशव्यांची नाही, एवढेच.

'स्थानिक' या शब्दाची व्याप्तीही याच ठिकाणी तपासावी लागते. पुण्यात संस्कृतीविषयी लिहिताना स्थानिक म्हणजे पेठांतील वा त्यांतून कोथरूड-सहकारनगरकडे सरकलेला मध्यमवर्ग असे नकळत गृहीत धरले जाते. वास्तविक केळकरांचा संग्रह स्वतःच या गृहीतकात मावत नाही. त्यात गुजरात आहे, राजस्थान आहे, दक्षिण आहे. शेतकरी, कारागीर, भटके यांच्या वस्तू आहेत. आणि शहरही त्यात मावत नाही. जाते, उखळ, मुसळ, सूप यांच्याविषयी प्रत्यक्ष हातांचे ज्ञान आज पुण्यात कोणाजवळ आहे? ते प्राध्यापकांजवळ नाही. ते पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून निघून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, मराठवाड्यातून वा सोलापूरकडून आलेल्या स्त्रीजवळ असण्याचा संभव अधिक आहे. ज्या घरी ती भांडी घासते त्या घरातील मंडळी पाहुण्यांना घेऊन संग्रहालयात जातात. तिला कोणी नेत नाही, आणि ती आपण होऊन जाणार नाही, कारण ती जागा आपल्यासाठी आहे असे तिला वाटावे असे तेथे काही घडलेले नाही. संस्थेने तिला अडवलेले नाही हे मान्य केले तरी, जिच्या वस्तू काचेमागे आहेत तीच काचेपर्यंत पोहोचत नाही ही विसंगती उरते. पुणे स्थानकाजवळील आदिवासी संग्रहालयासंबंधी हाच प्रश्न अधिक तीव्रपणे विचारता येईल, परंतु त्याची चर्चा स्वतंत्रपणेच व्हावयास हवी.

एका संग्रहालयाची कसोटी दुसऱ्याला लावणे नेहमी योग्य नसते. तरीही मुंबईतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा निर्देश येथे उपयुक्त ठरावा, कारण तोही एका शहराच्या रोजच्या जीवनाचा संग्रह आहे. भायखळ्याच्या राणीबागेतील ही इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. मुंबईतील जातिजमातींच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या लहान प्रतिकृती हे तिचे वैशिष्ट्य. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. त्यानंतर सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया अशा चित्रकार-शिल्पकारांना जुन्या संग्रहाच्या शेजारी आपले काम मांडण्यास बोलावले गेले. जुनी वस्तू आणि आजचा माणूस यांना समोरासमोर आणण्याचा हा प्रयत्न धाडसी होता आणि एकदा पाहून गेलेल्या प्रेक्षकाला परत येण्याचे कारण त्याने निश्चितच दिले. परंतु तेथेही बोलावले गेले ते कलावंताला. राणीबागेतले प्राणी पाहून झाल्यावर मुलांना घेऊन सहज आत शिरणाऱ्या लालबाग-परळच्या माणसाला, ज्याच्या आजोबांचा व्यवसाय त्या मातीच्या बाहुल्यांत असण्याची शक्यता आहे, कोणी काही विचारले नाही. त्याचे येणे मोजले गेले असेल. त्याचे सांगणे नोंदले गेले नाही.

नोंद न होण्याने काय जाते, याचे मोजमाप पुण्यातच, डेक्कन कॉलेजच्या आवारात करता येते. घोड नदीकाठच्या इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन १९६८ ते १९८३ अशी सुमारे पंधरा वर्षे चालले. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली मुले सापडली. रांजण, चुली, कणग्यांच्या जागा सापडल्या. ते कुंभ कोणत्या हातांनी ठेवले, ठेवताना काय म्हटले, यांविषयी पुरातत्त्वज्ञांना अनुमानावर विसंबावे लागते, कारण सांगणारे कोणी उरलेले नाही. मातीच्या रंगावरून, राखेवरून, दाण्याच्या जळक्या अवशेषावरून एकेक वाक्य मोठ्या कष्टाने मिळवावे लागते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घराविषयी एवढी चिकाटी दाखवणाऱ्या शहरात सत्तर वर्षांपूर्वीच्या घराविषयी विचारण्यास केवळ शेजारचे दार ठोठावावे लागते, आणि ते ठोठावले जात नाही. आणखी वीस वर्षांनी वज्रीची आणि इनामगावच्या कुंभाची अवस्था या बाबतीत सारखीच होईल. तेव्हा वज्रीविषयीही शोधनिबंध लिहिले जातील, आणि त्यांत 'असावी', 'असे दिसते', 'संभव आहे' ही क्रियापदे असतील.

या कामाला मोठी इमारत लागत नाही, मोठे अनुदानही लागत नाही. महाविद्यालयांतून प्रकल्प या नावाखाली दरवर्षी शेकडो वह्या भरतात; त्यांतील पुष्कळशा एकमेकींवरून उतरवलेल्या असतात हे परीक्षकांना ठाऊक आहे. मराठीच्या वा इतिहासाच्या विद्यार्थ्याने दालनातील एकच वस्तू निवडावी, आपल्या वस्तीतील ती वापरलेल्या तीन वृद्धांना भेटावे, त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावेत आणि ती चार पाने संग्रहालयाच्या दप्तरी जमा व्हावीत, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. यात चुका होतील. आठवणी एकमेकींशी जुळणार नाहीत. एक बाई म्हणेल वज्री रोज वापरायची, दुसरी म्हणेल सणावारीच. पण अशा न जुळणाऱ्या आठवणींतूनच घराघरांतील, जातीजातींतील, कोकण आणि देश यांच्यातील भेद कळतात, आणि चिठ्ठीवरील 'महाराष्ट्र, एकोणिसावे शतक' या तीन शब्दांखाली काय काय दडले होते ते दिसू लागते. तज्ज्ञाने त्यांची छाननी जरूर करावी. मात्र छाननी करण्यासाठी आधी काही गोळा झालेले असावे लागते, ही साधी गोष्ट केळकरांना कळली होती. त्यांनी वस्तू जमवल्या तेव्हा त्यांच्याविषयी सांगू शकणारी माणसे घरोघर होती. त्यांना वेगळे जमवण्याची गरज कोणालाच वाटली नसती.

आज ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत. शुक्रवार पेठेतील जुन्या इमारतीत दालने मजल्यांवर विभागलेली आहेत आणि त्या वयाच्या गुडघ्यांना जिने अवघड आहेत. त्यांनी वर जाऊन वस्तू पाहावी ही अपेक्षा धरण्यापेक्षा आठवड्यातून एखादी सकाळ ठरवून कोठीतील एक दिवा, एक अडकित्ता, एक वज्री खाली आणावी, तळमजल्यावर एक टेबल मांडावे, शेजारी दोन खुर्च्या ठेवाव्यात आणि समोर वही घेतलेला एक विद्यार्थी बसवावा.